द्राक्षाचे पैसे आणि जीटीए

प्रश्न : ताई, मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. द्राक्षाचे पैसे आलेत, त्यातले पंचेचाळीस हजार लॅपटॉपसाठी बाजूला काढलेत. अभ्यास आहेच, पण रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि अधूनमधून जीटीए ५ खेळीन म्हणतो. नाशिकला एम. जी. रोडवर दोन दुकानं फिरलो. एकानं रायझन ५ ७५२०यू प्रोसेसरचा दाखवला, वर ‘चार जीबी ग्राफिक्स आतच आहे’ म्हणाला. दुसरा म्हणतो, गेमिंगचाच घ्या. तो बजेटबाहेर जातोय. काय करू?
— एक वडील, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, पहिला घेऊ नका. ते ‘आतलं चार जीबी’ वेगळं नसतंच, रॅममधूनच उसनं घेतलेलं असतं. आपल्याच विहिरीचं पाणी टाकीत चढवायचं आणि दुसरी विहीर आहे म्हणून सांगायचं, तसं.

रायझनच्या सात हजारी मालिकेत तिसरा आकडा वाचा. ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २, ही २०१९ सालची रचना. त्यात ग्राफिक्सचे कोअर अवघे दोन, आणि रॅम बोर्डावरच झाळलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. ७५३०यूमध्ये तेच कोअर सात आहेत. ७५३५एचएसमध्ये सहा, पण नव्या पिढीचे, त्यामुळे खेळायला तोच सरस. बोलताना नावं सारखीच वाटतात, म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या.

व्हॅलोरंटची काळजी सोडा, तो २०१२ सालच्या इंटेल एचडी ४००० या आतल्याच ग्राफिक्सवरही चालावा असाच बनवलाय. घाम काढतो जीटीए. पीसीवर २०१५ साली आला असला तरी त्याला ताकद लागते, आणि डिस्कवर शंभर जीबीच्या वर जागा. ५१२ जीबीच्या खाली जाऊ नका.

आता खरी गोम. मागच्या महिन्यात अंबडचा एक पोरगा माझ्या टेबलावर नवाकोरा लॅपटॉप ठेवून रडवेला झाला होता. प्रोसेसर उत्तम, तरी जीटीए अडखळत होता. मागचं झाकण उघडलं, तर रॅमची आठ जीबीची एकच स्टिक आणि शेजारचा स्लॉट रिकामा. तशीच दुसरी बसवली. सेकंदाला तिशीत रेंगाळणारे फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, पन्नाशी ओलांडून गेले. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं. एका स्टिकवर त्याला एकच वाट, दोनवर दोन. इंटेलमध्ये तर गंमतच आहे, एकाच स्टिकवर त्यांचं आतलं ग्राफिक्स आयरिस एक्सई स्वतःचं नाव नुसतं ‘यूएचडी’ दाखवतं.

म्हणून दुकानातच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबायला लावा. परफॉर्मन्समध्ये मेमरी, तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. दोनपैकी एकच भरलेला असेल तर दुसरी स्टिक त्यांच्याकडूनच बसवून घ्या आणि पक्क्या बिलात लिहून घ्या, म्हणजे वॉरंटीवरून पुढे कुणी हात झटकणार नाही. आठ अधिक आठ, सोळा जीबी. मुलाला पुरून उरेल.

आरटीएक्स २०५० किंवा ३०५० या वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप जीटीए मक्खन चालवील, खोटं कशाला बोलू? पण मुलगा रोज एसटीनं येणार असेल तर ते धूड आणि विटेएवढा अडॅप्टर पाठीवर घेऊन दारात उभा राहील. शिवाय बॅटरीवर ते कार्ड निम्मंही पळत नाही. उसनवारी करून तो घेऊ नका.

प्रश्न : खेळताना लॅपटॉप तव्यासारखा तापतो. कूलिंग पॅड घेऊ का?
— देवळाली कॅम्प

उत्तर : आधी सांगा, ठेवता कुठे? गादीवरच ना? खालच्या जाळीतून तो हवा ओढतो आणि तुम्ही तीच बुजवता. एप्रिल-मेत पारा चाळिशीला टेकला की त्यानं करायचं काय? लॅपटॉप दोन वर्षं जुना असेल तर उघडून घ्या. पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये धुळीची पट्टी साचते, चिमटीनं उचलली तर अख्खी निघते, जुन्या गोधडीच्या तुकड्यासारखी. ती काढली की बहुतेकांना पॅड लागत नाही. तोवर टेबलावर ठेवा आणि मागच्या पायांखाली दोन जाड वह्या सारा.