ओलं पोतं

"नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी करावंसं वाटतं, पण धाडस होत नाही." समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांचं हे ठरलेलं वाक्य. बेळगाव भागातली पोरं शिकून पुण्याला नाहीतर बेंगळूरला जातात आणि पस्तिशीला पोचली की रविवारी रात्री बसमध्ये चढताना त्यांच्या पोटात गोळा येतो.

हा त्यातलाच एक. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला; नोकरी बेंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत. गावात छोटा काजू कारखाना काढायचा होता. पहिल्याच भेटीत त्यानं लॅपटॉप उघडला. ८० किलोच्या पोत्यातून गर किती, त्यात ३२० नंबर किती, तुकडा किती. ३२० नंबर म्हणजे पौंडात साधारण तेवढे गर, हे मला त्यानंच शिकवलं. हिशेब चोख होता.

"मग अडलंय कुठं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाबा म्हणतात, इंजिनिअर होऊन काजू फोडायलास व्हय?"

अशा वेळी धाडसाचे डोस पाजणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. नोकरीचा वीट आलाय की धंद्याची ओढ आहे, हेच कळत नसेल तर धाडस घेऊन करायचं काय? मी म्हटलं, राजीनामा राहू दे. एप्रिलमध्ये रजा काढ आणि काजू खरेदीच्या वजनकाट्यावर बस. कच्ची काजू हंगामातच येते, वर्षभराचा माल तेव्हाच रोखीनं भरायचा असतो.

तीन आठवड्यांनी आला तेव्हा टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडून सालं निघत होती. त्याची तक्रार नव्हती. "फोडणाऱ्या बायका हाताला एरंडेल लावून बसतात, मीच शहाणपणा केला." रडगाणं वेगळंच होतं. "मॅडम, पोतं ओलं असतं, वजन फुगतं. पण आणणारे बाबांचे दोस्त. लहानपणी त्यांच्या बैलगाडीत बसलोय. दर कापू कसा?"

बेंगळूरला मॅनेजरला 'नाही' म्हणता येत नाही म्हणून तर नोकरी नकोशी झाली होती!

पुढच्या चार भेटी धंद्यावर बोललोच नाही. मी काका व्हायचे, तो काट्यावर. "काका, माल ओला हाय, वाळवून आणा." पहिल्यांदा हे तो माझ्या चपलांकडे बघून म्हणाला.

व्यवहाराचंही थोडं बघितलं. नोकरीला चार वर्षं सात महिने झाले होते. ग्रॅच्युइटीसाठी पाच पुरी करून घेतली. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबरच जातो आणि आईला मधुमेह. जुन्या आजाराला नवी पॉलिसी सहसा लगेच लागू होत नाही, म्हणून घरची पॉलिसी आधीच काढायला लावली.

नोव्हेंबरात राजीनामा दिला. परवा फोन आला: काकांचं एक पोतं परत पाठवलं. आठ दिवस काका बोलत नाहीत.

बाबाही.