चालू गेम बंद पडतो, तेव्हा आधी काय पाहावे?

उन्हाळा लागला की वाचकांच्या प्रश्नांत एक तक्रार हमखास वाढते: गेम खेळताना संगणक बंद पडतो. ‘बंद पडतो’ म्हणताना मात्र प्रत्येकाला वेगळे काही सांगायचे असते. कोणाचा संगणक पंख्यासकट विझतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. तेथे उष्णता किंवा वीजपुरवठा तपासावा. कोणाचे चित्र गोठून आवाज घरघरत राहतो. तेथे बहुधा ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) गुंतलेला असतो. कोणाचा फक्त गेम नाहीसा होऊन डेस्कटॉप समोर येतो. तेथे रॅम, फाइली, ड्रायव्हर किंवा खुद्द गेम यांचा विचार करावा लागतो. खर्च करण्यापूर्वी एवढा फरक टिपून ठेवला, तर निम्मे काम झालेले असते.

प्रश्न (धरणगाव): दुपारी गेम सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत संपूर्ण संगणक बंद होतो. रात्री तोच गेम दोन तास चालतो. आमचे घर कापसाच्या जिनिंगजवळ आहे. कॅबिनेट कूलरसमोर ठेवले, तरीही फरक पडला नाही.

उत्तर: दुपार आणि रात्र यांतील फरक आपण नोंदवला, हे फार चांगले केले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद खोलीतील हवाच ४० अंशांच्या घरात असते. पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे खोली जितकी तापते तितके त्याचे तापमान चढते. अनेक इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, तर एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत ती बहुधा ९० आणि ७००० मालिकेत ९५ असते. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आधी आपला वेग उतरवतो, म्हणून गेम अडखळू लागतो. तरीही उष्णता आवरली नाही, तर स्वतःला वाचवण्यासाठी सर्व बंद करतो.

जिनिंगजवळच्या घरांत याला कापसाची जोड मिळते. गेल्या मोसमानंतर अशाच एका घरातील संगणक मी उघडला होता. बाहेरून कॅबिनेट पुसून लख्ख ठेवलेले होते. प्रोसेसरवरील पंखा मात्र सोडवला, तेव्हा त्याखाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर करड्या तंतूंचा इतका घट्ट थर बसलेला होता, की चिमटीने धरल्यावर तो पंख्याच्याच आकाराच्या गोल चकतीसारखा अखंड निघाला. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, पण पात्यांमधून हवा जायला वाटच उरली नव्हती. वरून फुंकर मारून किंवा ब्लोअर फिरवून हा थर निघत नाही. पंखा काढावाच लागतो.

संगणक बंद करून पिन काढावी, पंखा सोडवावा आणि रंगकामाच्या कोरड्या, मऊ ब्रशने हीटसिंकची पाती मोकळी करावीत. ब्लोअर वापरायचाच असेल, तर पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण भरधाव फिरल्याने त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. हीटसिंक उचलला गेला असेल, तर प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. कॅबिनेट मात्र कूलरसमोरून आजच हलवा: पाण्याच्या कूलरची हवा गार असली तरी दमट असते, आणि दमट हवेत धूळ व तंतू चिकटून बसतात, शिवाय धातूचे भाग गंजण्याचा धोका वाढतो.

सफाईनंतरही त्रास राहिला, तर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम तापमानाची नोंद फाइलमध्ये करतो. ती नोंद सुरू ठेवून खेळा. संगणक विझल्यावर फाइलची शेवटची ओळ पाहा: तेथे तापमान मर्यादेला टेकलेले नसेल, तर संशय एसएमपीएसकडे (कॅबिनेटमधील भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) वळवा.

प्रश्न (शहादा तालुका): वीज गेली की यूपीएस ओरडतो आणि गेम चालू असेल तर संगणक तत्क्षणी बंद होतो. टायपिंग करताना मात्र तो दहा मिनिटे टिकतो. यूपीएस खराब आहे का?

उत्तर: बहुधा नाही. घरगुती यूपीएसवर ६०० व्हीए असे लिहिलेले असते, पण त्यातील अनेकांची प्रत्यक्ष क्षमता ३६० वॅटच असते. टायपिंग करताना संगणक आणि मॉनिटर मिळून १०० वॅटच्या आसपास वीज घेतात. गेममध्ये मध्यम ग्राफिक्स कार्ड एकटेच २०० वॅट ओढू शकते आणि क्षणभर त्याहूनही वर उसळते. तो भार झेपला नाही, की यूपीएस हात टेकतो. क्षमता व्हीएमध्ये न पाहता वॅटमध्ये पाहून यूपीएस घ्यावा.

घरातील इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल, तर दोन गोष्टी पाहा. तो शुद्ध साइन वेव्ह देणारा हवा, कारण आजच्या अनेक एसएमपीएस चौकोनी लहरींच्या विजेवर नीट चालत नाहीत. शिवाय त्यावर यूपीएस मोडचे बटण असेल, तर ते चालू ठेवा. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरते, आणि साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला बदल करायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

प्रश्न (धुळे, अभियांत्रिकीचा विद्यार्थी): गेम कोणताही संदेश न देता बंद होऊन डेस्कटॉप दिसतो; कधी पाच मिनिटांत, कधी तासाने. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारले. आता ते ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगतात. वडिलांकडे एवढे पैसे मागायला धीर होत नाही.

उत्तर: तूर्त मागू नका. दोनदा फॉरमॅट करूनही दोष राहिला, याचा अर्थ विंडोजच्या फाइलींकडे बोट दाखवण्याचे कारण फारसे उरत नाही. परंतु त्यावरून ग्राफिक्स कार्डच दोषी आहे असेही सिद्ध होत नाही.

विंडोज प्रत्येक पडझडीची नोंद ठेवते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे शोधल्यास दिवसवार तक्ता उघडतो. त्यातील लाल फुलीवर जाऊन तपशील उघडा आणि ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’ ही ओळ वहीत उतरवून घ्या. पाच-सहा नोंदी जमल्या की त्या एकाखाली एक ठेवून वाचा. दर वेळी ग्राफिक्स ड्रायव्हरच्याच फाइलीचे नाव येत असेल, तर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच फाइलींवर सुरू करून) डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा प्रोग्राम चालवून जुना ड्रायव्हर समूळ काढा आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घाला. दर वेळी गेमचीच फाइल दिसत असेल, तर स्टीम या गेम विकत घेण्याच्या व चालवण्याच्या प्रोग्राममध्ये गेमच्या फाइली तपासून दुरुस्त करण्याची सोय आहे, ती वापरा. दर वेळी वेगळेच नाव येत असेल, तर माझा पहिला संशय रॅमवर जाईल, कारण रॅममधला बिघाड कोणत्याही प्रोग्रामच्या माहितीत घुसू शकतो.

बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी बंद करा आणि दोन दिवस खेळून पाहा. ही सोय रॅमला जाहीर केलेल्या जास्त वेगावर चालवते, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन पट्ट्या एकत्र असतील, तर तो वेग त्यांना अनेकदा झेपत नाही. त्यानंतर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घालून रात्रभर चाचणी लावा. सकाळी एकही चूक दिसली, तर एकेक पट्टी वेगळी तपासून सदोष पट्टी शोधा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कोणत्या बदलाने गुण आला हे कळणार नाही.

एवढे करूनही कार्डवरच संशय राहिला, तर ते एखाद्या मित्राच्या संगणकात बसवून तोच गेम खेळा, मात्र त्याची एसएमपीएस पुरेशी आहे का ते आधी पाहा. मी कोणालाही या चाचणीशिवाय नवे कार्ड घ्यायला सांगत नाही. ज्या घरात एवढा खर्च कापसाच्या पैशांवर ठरतो, तेथे अंदाजाने भाग बदलायला लावणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न (जळगाव): माझ्याकडे इंटेल १३व्या पिढीचा आय९ आणि १२ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. तरीही गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येऊन तो बंद होतो.

उत्तर: हा संदेश दिशाभूल करतो. अन्रियल इंजिन या गेम बनवण्याच्या प्रणालीवरील अनेक गेममध्ये तो प्रोसेसरमधील दोषामुळे आलेला आहे. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत राहिल्याने हळूहळू अस्थिर होत होते. कंपनीने २०२४ मध्ये हे मान्य करून ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनांचा संच) दिला आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतो, म्हणून आपल्या मदरबोर्डच्या नेमक्या मॉडेलचा ताजा बायोस घाला. लोडशेडिंगच्या वेळेत हे काम करू नका आणि संगणक यूपीएसवर ठेवा, कारण अपडेट अर्ध्यात तुटल्यास मदरबोर्ड सुरूच न होण्याची भीती असते.

अपडेट पुढील झीज रोखतो, झालेली झीज भरून काढत नाही. त्यानंतरही तोच संदेश आला, तर बिल शोधा आणि वॉरंटीत प्रोसेसर बदलून मागा.

प्रश्न (अमळनेर): नवीन लॅपटॉपवर माझे नाव मी मराठीत, देवनागरी लिपीत टाकले. इतर सर्व चालते, पण दोन जुने गेम उघडताक्षणी बंद होतात.

उत्तर: विंडोज खाते तयार करताना दिलेल्या नावाने एक फोल्डर तयार करते आणि गेम आपल्या सेव्ह फाइली बहुधा त्यातच ठेवतात. काही जुन्या गेमना रोमनखेरीज अन्य लिपीतील फोल्डरचा पत्ता वाचता येत नाही, म्हणून ते तेथेच कोसळतात. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खात्याचे नाव बदलल्याने फोल्डरचे नाव बदलत नाही. रोमन अक्षरांत नाव असलेले दुसरे स्थानिक खाते तयार करा आणि हे दोन गेम तेथून खेळा. आपले मराठी नावाचे खाते रोजच्या कामासाठी आहे तसेच राहू द्या.