तळमजल्यावरून कधी निघायचं? पावसाळ्याआधीची प्रश्नोत्तरे

मृगाला पंधरा दिवस उरले की या सदराकडे येणारे प्रश्न बदलतात. घर शाकारणं, लाकडं आत घेणं चालू असतानाच किनाऱ्यावरच्या माणसाला गेल्या खेपेचं पाणी आठवतं. यंदाही रायगड-रत्नागिरीकडून बरेच प्रश्न आले. त्यातले काही निवडले आहेत.

बदली होऊन चिपळूणला आलोय. बाजारपेठेजवळ तळमजल्यावर भाड्याचं घर मिळालंय. शेजारी म्हणतात, भोंगा वाजला की निघायचं. तेवढं पुरतं का?

भोंगा वाजला की निघायचंच, त्यात वाद नाही. पण २२ जुलै २०२१ ला पाणी वाढलं तेव्हा रात्र होती, पाऊस कोसळत होता आणि गाव झोपेत होतं. अशा वेळी भोंगा ऐकू आला तरी बिछान्यातला माणूस ‘बघू जरा’ म्हणतो. त्या ‘बघू जरा’त अर्धा तास जातो आणि जिन्यापर्यंतची वाट बंद होते.

आधी पाणी कुठून येतं ते समजून घ्या. चिपळूणची नदी वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि भरतीचं पाणी त्याच खाडीतून चिपळूणलगतच्या गोवळकोटकडे वर चढतं. वरच्या अंगाला घाटातला पाऊस, शिवाय कोयनेच्या वीजगृहांतून बाहेर पडणारं पाणीही कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत उतरतं. वरून लोंढा आणि खालून भरती एकाच वेळी आली की मधल्या गावाने जायचं कुठे? २०२१ चा पूर आला तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस.

म्हणून जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी दोन गोष्टी बघायच्या: घाटात पाऊस किती आणि भरती कधी. दुसऱ्यासाठी मोबाइलही लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. तिथीची पाऊणपट करा. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. दुसरी साधारण साडेबारा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हिशेब ठोकळ आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो आणि खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. पण आमच्या आजीला याच हिशेबाने कालवं कधी मिळतील ते कळायचं, तेव्हा आपलंही काम भागेल. मोठं उधाण बहुधा पौर्णिमा-अमावास्येच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतं, तेवढं लक्षात ठेवा.

आता तुमच्या घराची खूण ठरवा. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर, हे आकडे पावसाळ्यात रोज कानावर येतील. पण ते नदीचे आहेत, तुमच्या उंबरठ्याचे नाहीत. गल्लीतल्या जुन्या दुकानदाराला विचारा की नदी किती मीटरवर असताना तुमच्या गल्लीत पाणी आलं. २००५ ला कुठवर होतं, २०२१ ला कुठवर, ते तो भिंतीला हात लावून दाखवेल. त्या दोन रेघा घरात आखून ठेवा, पाहुण्यांना विचित्र वाटलं तरी. आणखी एक खूण फार कमी लोक बघतात. सखल घरात पाणी पहिल्यांदा दारातून येत नाही, न्हाणीच्या जाळीतून येतं. आधी गुडगुड आवाज, मग मातकट पाणी. म्हणजे बाहेरचं गटार उलटं वाहायला लागलं. तो आवाज आला की मेन स्विच बंद करायचा, गॅसचा रेग्युलेटर काढायचा, सिलिंडर दोरीने खिडकीच्या गजाला बांधायचा (अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो आणि आपटत फिरतो) आणि वर जायचं. बाकीचं सामान राहू दे.

आणि लाल इशारा व उधाण एकाच दिवशी आलं, तर जेवायच्या आधीच अंथरुणं वरच्या मजल्यावर न्या. घरमालकाशी हे आत्ताच बोलून घ्या. रात्री दोन वाजता त्यांचं दार ठोठावणं वेगळं आणि संध्याकाळी उशी घेऊन जाणं वेगळं.

श्रीवर्धनजवळ आमचं सिमेंटच्या पत्र्यांचं घर आहे. पत्र्यांवर चिरे ठेवतो. ‘निसर्ग’ वादळात शेजाऱ्यांचे पत्रे चिऱ्यांसकट गेले. आमचे कसे वाचले तेच कळत नाही. यंदा चिरे वाढवू का?

वाढवू नका, काढा. वारा पत्र्याला खाली दाबत नाही, वर उचलतो. छपरावरून वेगाने जाताना तो पत्र्याला वर ओढतो, आणि पडवीच्या बाजूने आत शिरलेला वारा खालून ढकलतो. ३ जून २०२० ला भर दुपारी तुमच्याच किनाऱ्यावर ते वादळ आलं, तेव्हा वारे ताशी ११० ते १२० किलोमीटरचे होते. त्या ओढीपुढे चिरा म्हणजे काही नाही. पत्रा गेलाच तर वरचा चिरा पलंगावर येतो.

सुताराला घेऊन एकदा छपराखाली उभे राहा आणि जोड बघा. पत्रा ‘J’ आकाराच्या हुकाने रिपेला धरलेला असतो, रीप खिळ्याने वाशाला आणि वासा? वासा बहुतेक घरांत भिंतीवर नुसता बसलेला असतो, स्वतःच्या वजनावर. तुम्ही वरचे हूक दुप्पट केलेत तर वादळ पत्रा न उचलता सगळं छप्परच उचलेल. तेव्हा आधी वासा लोखंडी पट्टीने भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला जखडा. असा पट्टा नसेल तर गवंड्याचा सल्ला घ्या, नुसत्या चिऱ्यात ठोकलेला बोल्ट टिकत नाही. मग हूक. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्यांना ते दाट हवेत, ओढ तिथेच जास्त असते. गंजलेले हूक आणि कडक झालेले वायसर बदला. खाऱ्या हवेत ते दिसतात त्याहून पोकळ झालेले असतात.

पडवीचे पत्रे मुख्य छपराच्या वाशांना जोडलेले असतील तर तोडून वेगळे करा. पडवी गेली तर जाऊ दे, तिने जाताना घर नेऊ नये.

वादळात मध्येच वारा पडला आणि उजाडल्यासारखं झालं, तर संपलं असं समजू नका. वादळाचा डोळा डोक्यावरून जातोय, वारा थोड्या वेळात उलट दिशेने येणार. फणसाची फांदी कुठे पडली ते बघायला बाहेर पडण्याची ती वेळ नव्हे.

पुराचं पाणी विहिरीत गेलं तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची? कोणी मूठभर सांगतं, कोणी किलोभर.

मुठीचा हिशेब सोडा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग ३.१४ ने, आणि चारने भागा. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर साधारण २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सत्तर ग्रॅम. पण हे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचं माप झालं. पुराचं पाणी शिरलं असेल तर आधी विहीर उपसा, गाळ काढा आणि मग औषध टाका. गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीवरच खर्च होतो, त्याला मात्रा जास्त लागते.

पावडर थेट ओतू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पाऊण बादली पाणी घाला आणि दहा मिनिटं थांबा. चुना तळाला बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली हलवा. तासाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून दाखवणारी) करून घ्या. रंग आला नाही तर पुन्हा औषध टाका. गेल्या वर्षीची उघडी राहिलेली पिशवी वापरू नका, कोकणच्या दमट हवेत तिचा दम गेलेला असतो.

उधाणाचं खारं पाणी शिरलं असेल तर टीसीएलने खारटपणा जात नाही. उपसत राहणं एवढंच हातात आहे.

घराच्या विम्याचा उपयोग होतो का?

होतो, पण भारताच्या किनाऱ्यावर तो काढतंय कोण! १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी आहे. पूर, वादळ, दरड तिच्यात येतं. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेच्या भावावर नाही, म्हणून हप्ता लोकांना वाटतो तेवढा नसतो. घराच्या विम्याबरोबर सामानालाही त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाखांचं संरक्षण मिळतं. भाडेकरू फक्त सामानाचा विमा काढू शकतात. १ जूनला घराचा मोबाइलवर व्हिडिओ करा, कपाटं उघडून. पाणी ओसरल्यावर पंचनामा होईपर्यंत भिजलेलं सामान फेकू नका. फेकावंच लागलं तर भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा फोटो आधी काढा.

पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका. माझ्या एका परिचिताने ‘बघू, लागते का’ म्हणून किल्ली फिरवली. इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि त्या खर्चाचा दावा नाकारला गेला.

त्सुनामीची भीती बाळगावी का?

नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपानंतर मुंबईपर्यंत लाटा आल्या होत्या, म्हणजे अशक्य नाही. समुद्र अवेळी खूप आत गेला तर मासे वेचायला न जाता उंचावर पळा. बाकी झोप मोडायची तर जुलैच्या उधाणासाठी मोडा.

मी डोंबिवलीत, आई-बाबा खाडीकाठच्या गावी एकटे. वादळात चार दिवस फोन लागला नव्हता. आई घर सोडायला तयार नसते, म्हणते गाय कुठे नेऊ?

फोन पुन्हाही लागणार नाही, हे धरूनच चला. गावातल्या तीन माणसांचे नंबर आज लिहून घ्या: एक शेजारी, एक पोलीस पाटील आणि एक असा, ज्याचं घर उंचावर आहे. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. मुंबईहून लावताना आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावा. आई-बाबांकडे सेलवर चालणारा रेडिओ, बॅटरी आणि महिन्याभराची औषधं एका प्लॅस्टिकच्या डब्यात असू द्यात.

आईचं गायीबद्दलचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका, तिचं खरं आहे. पुरात माणसं परत जातात ती पैशांसाठी कमी आणि गुरांसाठी जास्त. उंचावरच्या त्या घराशी आत्ताच बोला, इशारा आला की गाय आदल्या दिवशीच तिकडे जाईल. गाय गेली की मागोमाग आईही जाईल. आणि तेवढा वेळ नाहीच मिळाला, तर गाय बांधलेली राहता कामा नये. सुटी गाय पोहते, बांधलेली दाव्यालाच बुडते. ओल्या दाव्याची गाठ अंधारात सुटत नाही, म्हणून एक कोयता गोठ्याच्या दाराशी, बाबांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर अडकवून ठेवायला सांगा.