कहाणी विचारू नकोस

प्रिय,

लंडनमधल्या फिंचलीच्या न्यू नॉर्थ लंडन सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, आश्रय मागणाऱ्यांसाठी २००६ साली सुरू झालेल्या केंद्रात मदतीला जायचं तू ठरवलंस, छान केलंस. तिथे लोकांशी काय बोलायचं, असं विचारलंयस. आधी काय बोलायचं नाही ते सांगते.

‘तुम्ही देश का सोडलात?’ हे कुणालाही विचारू नकोस. होम ऑफिसपुढे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्यापुढे, ती कहाणी त्यांना पुन्हापुन्हा सांगावी लागते. दोन जबान्यांत तारखेचा फरक निघाला की माणूस खोटा ठरू शकतो. तुझं साधं कुतूहलही त्यांना उलटतपासणी वाटेल. चहात साखर किती, मुलाच्या बुटाचा नंबर काय, एवढ्यावर खूप गप्पा होतात.

दुसरं, कुणी अर्ज पुढे केला तर ‘अगं, भरून देते की’ म्हणू नकोस. नोंदणी नसलेल्या माणसाने इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे १९९९च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि तुझ्या एका चुकीच्या ओळीची किंमत त्यांना मोजावी लागेल. सरळ वकिलाकडे पाठव.

पैशांचं गणित मात्र नीट समजून घे. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत बहुतेकांना नोकरीची परवानगी नसते. २०२४ साली स्वतः रांधून खाणाऱ्याला आठवड्याला साधारण ४९ पौंड भत्ता मिळत होता आणि बसचं एका वेळचं भाडं पावणेदोन पौंड होतं. म्हणून अशा केंद्रांत येण्याजाण्याचं भाडं हातावर ठेवणं जेवणाइतकंच महत्त्वाचं. मंजुरीचं पत्र आलं म्हणून लगेच पेढे वाटायलाही निघू नकोस. त्यानंतर काही आठवड्यांत सरकारी खोली आणि भत्ता दोन्ही बंद होतात. बँक खातं, घराची अनामत, नोकरी, सगळं एकदमच अंगावर येतं. कित्येक जण नेमके तेव्हाच रस्त्यावर येतात. माझ्या मते खरी मदत तिथून पुढे लागते.

ज्यू मंडळी हे का करतात? ‘तुम्हीही मिसर देशात परके होता’ हे तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातलं वचन आहेच. पण जवळचं कारण घरातलं. १९३८-३९मध्ये नाझींच्या तावडीतून सुमारे दहा हजार मुलं ब्रिटनमध्ये आली. पुढे तर दर मुलामागे ५० पौंडांची हमी भरावी लागे. आईवडिलांना मात्र व्हिसा नव्हता आणि बहुतेक मुलांना ते पुन्हा दिसले नाहीत. अशा मुलांची मुलं आज ब्रिटनच्या अनेक सिनॅगॉगमध्ये आहेत. त्यांनाही खोदून विचारू नकोस, वाटलं तर ती आपणहून बोलतील.

चकल्यांचा डबा नेण्याचा मोह होईल, नेऊ नकोस. स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांनुसार चालणारं असतं, बाहेरचं चालत नाही. तिथे डुकराचं मांस नसतंच, त्यामुळे मुसलमान पाहुण्यांनाही तेवढी काळजी राहत नाही.

ओळखपत्र जवळ ठेव. दारावर बॅग तपासतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. इथल्या सिनॅगॉगांना तो पहारा ठेवावाच लागतो.

तुझी,
काकू