लॉइटर म्हटलं आणि शेजारीण हसली

प्रश्न : नमस्कार. मी साताऱ्याचा, रिटायर्ड, सध्या मुलाकडे इंग्लंडात लीड्सला आलोय. शेजारच्या बाईंनी विचारलं संध्याकाळी काय करता, तर मी म्हणालो मी आणि मिसेस रोज पार्कमध्ये लॉइटर करतो. डिक्शनरीत बघूनच बोललो होतो हो, रेंगाळणे असाच अर्थ दिलाय. बाई आधी गप्प झाल्या, मग पोट धरून हसल्या. सून म्हणते बाबा हा शब्द परत नको, पण का ते सांगत नाही. चुकलं काय? आणि निवांत चालण्याला मग म्हणायचं तरी काय?

उत्तर : काका, सूनबाई का लाजल्या ते आधी सांगतो. लॉइटर म्हणजे रेंगाळणं हे बरोबरच आहे, पण ते संशय यावा असं रेंगाळणं. 'नो लॉइटरिंग' अशी पाटी असते ना, म्हणजे काम नसेल तर इथे घुटमळू नका. आणि इंग्लंडच्या १९५९ च्या स्ट्रीट ऑफेन्सेस ॲक्टमध्ये वेश्याव्यवसायासाठी रस्त्यावर थांबून राहण्याला नेमका हाच शब्द वापरलाय. आता मिसेसना घेऊन रोज पार्कमध्ये तुम्ही तेच करता म्हटल्यावर... जाऊ दे. हल्ली युद्धाच्या बातम्यांत लॉइटरिंग म्युनिशन येतं बघा, टार्गेट सापडेपर्यंत आकाशात घिरट्या घालणारं ड्रोन, म्हणजे तिथेही कुणाच्या तरी मागावर असणं आलंच.

तुम्हाला हवा होता तो स्ट्रोल. बागेतला फेरफटका, जेवणानंतरची शतपावली, सगळ्याला चालतो. गंमत म्हणजे एकेकाळी हाच शब्द वाया गेलेला होता, गावोगाव भटकत खेळ करणाऱ्या नटमंडळींना स्ट्रोलिंग प्लेयर्स म्हणायचे आणि त्या भटक्यांना तेव्हा कोण मान देणार. पुढे स्ट्रोल सुधारला, शर्ट इन करून बागेत आला, लॉइटर मात्र पोलिसांच्या वहीतच राहिला.

आपल्याकडे कसं, चालणं एकच आणि त्याची तऱ्हा आपण शेजारी जोडतो, रमतगमत चालला, पाय ओढत गेला, डुलत डुलत आला. इंग्रजी हे सगळं एकाच क्रियापदात कोंबते. (लेनर्ड टॅल्मी या अमेरिकन भाषातज्ज्ञाने भाषांची यावरून वर्गवारीच केलीये, पण ते पुन्हा कधीतरी.) त्यामुळे तिथे क्रियापद चुकलं की चालणाऱ्याबद्दलचं मतच बदलतं. सॉन्टर घ्या, यात ऐट आहे, खिशात हात आणि चेहऱ्यावर कुणाची फिकीर नाही. दहाच्या मीटिंगला कुणी साडेदहाला सॉन्टर करत आला असं साहेब म्हणाला तर ते कौतुक नव्हे! हा शब्द जेरुसलेमकडच्या पवित्र भूमीच्या 'सांत तेर' या फ्रेंच नावावरून, तिकडे निघालोय म्हणत भटकणाऱ्यांवरून आला अशी कथा अमेरिकन लेखक थोरोने १८६२ मध्ये छापून आलेल्या निबंधात सांगितलीये, छान आहे, पण भाषावाले ती मानत नाहीत.

ॲम्बल मला स्वतःला सगळ्यात आवडतो. मूळचा घोड्याचा शब्द, एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर उचलायचे, मग दुसऱ्या बाजूचे, त्याने स्वाराला हिसके कमी बसतात. तुमच्या वयाला आणि गुडघ्यांना हाच शोभतो, राग नसावा. मूळ लॅटिनमधलं चालणं, आणि त्याच मुळातून ॲम्ब्युलन्सही आली, कारण आधी फ्रेंचमध्ये ते सैन्याबरोबर फिरणारं हॉस्पिटल होतं. सायरन वाजवत सुटणारी गाडी आणि तुमची संध्याकाळची चाल एकाच घराण्यातली!

लिंगर मात्र चालण्यापेक्षा पाय न निघण्याचा शब्द आहे. जेवण झालं तरी टेबलावर गप्पा मारत बसणं, दारात निरोप घेता घेता अर्धा तास. चव जिभेवर रेंगाळते, दुखणं रेंगाळतं, दोन्हीकडे इंग्रजीतही लिंगरच, इथे आपलं आणि त्यांचं अगदी जुळतं. डॉडल म्हणजे टंगळमंगळ, शाळेला उशीर होतोय आणि पोरगं एकेक दगड लाथाडत चाललंय. डिली-डॅली म्हणजे तर सरळ टिवल्याबावल्याच.

प्रश्न : स्लो डाउन आणि स्लो अप हे उलट शब्द आहेत का? (कॉलेज विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : नाही गं, दोन्हींचा अर्थ वेग कमी करणंच, फक्त स्लो अप फार कमी ऐकू येतो, तू डाउनच वापर. डिसेलरेट फिजिक्सच्या पेपरात ठेव, रिक्षावाल्याला कुणी तसं सांगत नाही. आणि डॉक्टर एखाद्याला स्लो डाउन म्हणाले तर ते गाडीबद्दल नसतं, कामं कमी करा, जरा दमानं घ्या असं ते सांगत असतात.