लेह ते कारगिल अंतर नक्की किती? एक अ‍ॅप १४० किमी सांगतं, दुसरं २१५. खरं कोणतं?

दोन्ही खरी. १४० हे सरळ रेषेतलं हवाई अंतर, आणि गाडीने साधारण २१५ ते २२०. एवढा फरक कशाने, ते आपल्या सातारकरांना वेगळं सांगायला नको. महाबळेश्वर ते प्रतापगड पक्षी नऊएक किलोमीटरमध्ये पोचतो, आपण आंबेनळी घाटाने वीसच्या वर मोजतो. तसंच आहे, फक्त डोंगर दांडगे.

लेहहून खलत्सेपर्यंत रस्ता सिंधूच्या काठाने जातो, तिथवर चाल चांगली मिळते. पुढे लामायुरूची चढण लागते, मग ४,१०८ मीटर उंचीचा फोटू ला. श्रीनगर-लेह रस्त्यावरची सगळ्यात उंच खिंड हीच, झोजी ला नव्हे (पैज लावून बघा, निम्मे लोक चुकतात). त्यानंतर नमिका ला, मुलबेख आणि कारगिल.

वेळ धरा पाच-सहा तास. सातारा-पुण्याच्या हिशेबाने किलोमीटर भागून तास काढू नका. लामायुरूचा मठ पाहायचा असेल तर पूर्ण दिवसच ठेवा. आणि लेहला विमानाने उतरणार असाल तर पहिले दोन दिवस गाडीत बसूच नका, विरळ हवेची सवय होऊ द्या.