वाचकांचे प्रश्न : विमान कंपन्यांचं भाकीत सांगणाऱ्यांवर किती विसंबायचं?

मागच्या अंकात मी तिकिटांच्या दरांबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती दुसऱ्याच विषयावर. टीव्हीवर, वर्तमानपत्रांत विमान कंपन्यांचं भविष्य सांगणारी जी मंडळी दिसतात, त्यांचं ऐकावं का? बरीच वर्षं मी नेटवर्क प्लॅनिंग खात्यात नोकरी केली. कुठल्या गावाहून कुठे, किती वाजता, कुठलं विमान सोडायचं हे ठरवणारं खातं. या मंडळींचे अहवाल रोज हातातून जायचे, त्यामुळे उत्तर द्यायला हरकत नाही.

ताई, मी बँकेतून निवृत्त झालो आहे. विमान कंपनीच्या एकाच शेअरबद्दल एक विश्लेषक ‘घ्या’ म्हणतो आणि त्याच आठवड्यात दुसरा ‘विका’ म्हणतो. एका कंपनीत माझे पैसे बुडाले, नाव नको. यातला खरा कोण हे ओळखायचं कसं? — एक वाचक, सातारा

काका, हे लोक दोन गोष्टी एका दमात सांगतात, त्या आधी सुट्या करा. किती माणसं विमानाने जातील, ही एक. कुठली कंपनी पैसा कमावेल, ही दुसरी. पहिलीत त्यांचा अंदाज पुष्कळदा जमतो. दुसरीत मी म्हणेन, न ऐकलेलं बरं.

आयाटा ही जगातल्या विमान कंपन्यांची संघटना. तिने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं की २०२० साली जगभरच्या कंपन्या मिळून २९.३ अब्ज डॉलर नफा कमावतील. झाला १३७ अब्जांहून जास्त तोटा. कोविड कोणाला दिसला होता, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. पण पुढचं ऐका. जुलै २०२० मध्ये, सगळं ठप्प असताना, याच संघटनेने सांगितलं की प्रवासी वाहतूक २०१९ च्या पातळीवर यायला २०२४ उजाडेल. २०२४ साली ती २०१९ च्या थोडी पुढेच गेली. म्हणजे माणसांचा हिशेब चार वर्षं आधी जमला, पैशांचा एका वर्षाचाही जमला नाही.

याचं कारण नफ्याच्या आकारात आहे. अलीकडच्या चांगल्या वर्षांतही जगातली सरासरी विमान कंपनी एका प्रवाशामागे जेमतेम सातेक डॉलर कमावते. तिकीट काही हजारांचं, खर्चही तेवढाच, आणि मधली ही फट. इंधन थोडं महागलं, रुपया घसरला (विमानांची भाडी आणि इंजिनांची देखभाल डॉलरमध्ये असते) की फट बुजली. विमानाचं इंधन जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा व्हॅट. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. विधानसभेतलं हे एक वाक्य, पण ते ज्यांनी आधी धरलं नव्हतं त्यांचे मुंबई-पुण्याचे सगळे तक्ते त्या संध्याकाळी जुने झाले.

आणि मालकाच्या मनात काय आहे हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही. १७ डिसेंबर २०१४ ला तेल कंपन्यांनी उधारी बंद केली आणि स्पाइसजेटची विमानं काही तास जमिनीवर उभी राहिली. त्याआधी दोनच वर्षं किंगफिशर अशाच तंगीत बंद पडली होती. त्या दिवशी स्पाइसजेटही संपली असं लिहिणाऱ्याला मी वेडा म्हटलं नसतं. पण जुने प्रवर्तक अजय सिंग परत आले आणि कंपनी उडत राहिली. दोन्हीकडे देणी थकलेली, तेलवाले दारात; एकीकडे पैसे घेऊन कोणी तरी आलं, दुसरीकडे आलं नाही.

आता ‘विश्लेषक’ म्हणजे नक्की कोण, तेही बघा. दलाली पेढीचा विश्लेषक असेल तर तो सेबीकडे नोंदलेला लागतो. नोंदणी क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो. त्या कंपनीचे शेअर त्याच्याकडे आहेत का, गेल्या बारा महिन्यांत कंपनीकडून पेढीला पैसे मिळाले का, हे अहवालाच्या शेवटी बारीक टायपात छापावं लागतं. अहवाल तिथूनच वाचायला घ्या. टीव्हीच्या पट्टीवर ज्याला नुसतं ‘विमान वाहतूक तज्ज्ञ’ म्हणतात, त्याच्यावर असलं काही बंधन नसतं. त्यातले बरेच सल्लागार असतात आणि त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे विमान कंपन्या आणि विमानतळ. ते खोटं बोलतात असं नाही. कशावर बोलायचं नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक असतं.

विमान बनवणाऱ्यांची वीस-वीस वर्षांची भाकितं तर निराळीच. पावसाळा जोरदार होणार, असं छत्रीवाल्याने सांगण्यातला प्रकार. एअरबसने ए-३८० हे दुमजली विमान काढलं तेव्हा त्या आकाराच्या सुमारे १२०० प्रवासी विमानांना मागणी येईल असा तिचा अंदाज होता. शेवटी ए-३८० बनली २५१, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत उत्पादन बंद करायचं जाहीर झालं. गंमत म्हणजे प्रवासी वाढतील हे एअरबसचं म्हणणं खरंच ठरलं. ते दुसऱ्या, लहान विमानांतून गेले.

तुमच्या पैशांचं म्हणाल तर भाकितं सोडा आणि रटाळ बातम्या वाचा. जेट एअरवेजने ऑगस्ट २०१८ मध्ये तिमाही निकाल पुढे ढकलले. मग पगार लांबले. ३१ डिसेंबरला बँकांचा हप्ता चुकला, जानेवारीच्या पहिल्याच दिवसांत पतमानांकन थेट ‘डी’वर, म्हणजे ‘कर्ज थकवलं’ या शेऱ्यावर आलं. भाडं थकलं म्हणून विमानं उभी राहू लागली. शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं ते १७ एप्रिल २०१९ च्या रात्री. हे सगळं आठ महिने पेपरात छापून येत होतं, आणि बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हप्ता चुकल्याचा अर्थ मी काय सांगायचा.

मुलीला पायलट व्हायचं आहे. भारताला ३०,००० वैमानिक लागणार असं मंत्री आणि तज्ज्ञ सगळेच सांगतात. त्या भरवशावर ६० लाखांचं कर्ज काढावं का? — एक आई, नागपूर

३०,००० चा आकडा हवेतला नाही. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. पण हा आकडा येत्या पंधरा-वीस वर्षांचा आहे, हे वाक्य जाहिरातीत गळतं. भागाकार करून बघा: वर्षाला दीड ते दोन हजार. २०२३ या एका वर्षात डीजीसीएने, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याने, सोळाशेहून जास्त व्यावसायिक परवाने दिले. शिवाय परदेशात शिकून येणारी मुलंही असतात. त्यांच्या परदेशी परवान्याचं इथल्या परवान्यात रूपांतर झालं की तीही याच रांगेत.

मग तुटवडा कशाचा? कॅप्टनचा. हजारो तास उडवलेल्या माणसांचा. दोनशे तासांचा ताजा परवाना हातात असलेल्यांची रांगच आहे, आणि एखादी कंपनी बुडाली की अनुभवी वैमानिक त्या रांगेत पुढे येऊन उभे राहतात. २०१२ मध्ये झालं, २०१९ मध्ये झालं, २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली तेव्हाही झालं.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा ‘बघा, पायलट कमी पडले’ असं सगळे म्हणाले. खरंय, पण ज्यामुळे ते कमी पडले ते वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते आणि दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला. लागत होती ती इंडिगोच्याच प्रकारच्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण आणि परवानगी) असलेली, उद्या सकाळी ड्यूटीवर लावता येईल अशी माणसं. शिकाऊ मुलीला त्या गर्दीत जागा नव्हती.

मुलीची खरी ओढ असेल तर शिकू द्या, मी आडवी येणार नाही. फक्त ६० लाखांत टाइप रेटिंग धरलंय का ते विचारा. बहुतेक वेळा ते वेगळं असतं. क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, पैसे भरायच्या आधी करून घ्या, नंतर नाही. आणि परवान्यानंतर दोन-तीन वर्षं नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार, ते घरात बसून ठरवा. फ्लाइंग स्कूलच्या काउंटरवर हा प्रश्न काढू नका. तिथे उत्तर तयारच असतं.

जळगावहून मुंबईचं विमान सुरू होतं, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. दर वेळी ‘भरपूर मागणी आहे’ असा अहवाल असतो. मग बंद का पडतं? — एक व्यापारी, जळगाव

तो अहवाल कसा बनतो ते सांगते. पहिला रकाना रेल्वेचा: दोन गावांमध्ये एसी फर्स्ट आणि टू-टियरची रोज किती तिकिटं जातात. त्यातले अमुक टक्के लोक विमानाकडे वळतील असं धरायचं. मग गावातल्या बऱ्या हॉटेलांच्या खोल्या, कारखाने, बाहेरगावी शिकणारी मुलं. शेवटी येतो लोड फॅक्टर, म्हणजे शंभरातल्या किती सीट भरतील. तो बघून वरिष्ठ म्हणायचे, ‘एकोणसाठ? एवढ्यावर मंजुरी मिळायची नाही, सत्तरच्या वर आण.’ की कोणी तरी पहिल्या रकान्यात जाऊन वळणाऱ्यांचे आठ टक्के बारा करायचा. कागदावर यायचं ७१.३८ टक्के. दशांश चिन्हापुढे दोन आकडे असले की माणसाला शंका यायची थांबते.

लहान गावं विमानाने जोडण्याच्या ‘उडान’ योजनेत सरकार तीन वर्षं तूट भरून देतं, त्यामुळे उत्तर तीन वर्षं लांबतं. कॅगने २०२३ च्या अहवालात हिशेब मांडला: दिलेले ७७४ मार्ग, सुरू झालेले ३७१, तीन वर्षं पूर्ण केलेले ११२, आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकलेले ५४. तुमच्या मार्गाचं पुढे काय होईल हे मला विचारू नका. तुमच्या बाजारातले किती जण अनुदान नसलेलं तिकीट काढून महिन्यातून दोनदा मुंबईला जातील, हे तुम्हालाच जास्त माहीत.

एका बंद पडलेल्या कंपनीकडे आमच्या चार तिकिटांचे पैसे अडकले, ते गेलेच. पुढच्या वेळी काय करू? — एक वाचक, डोंबिवली

दिवाळखोरीच्या रांगेत प्रवासी फार मागे असतो. त्यामुळे सहा महिने आधीचं स्वस्त तिकीट घ्यायचंच असेल तर क्रेडिट कार्डाने घ्या. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो, मात्र त्याला मुदत असते, कंपनी थांबल्याच्या आठवड्यातच अर्ज टाका. एजंटाकडून घेतलंत तर पैसे कंपनीकडे गेलेत की त्याच्याच खात्यात आहेत, ते लेखी विचारा. आणि जिच्या पगाराच्या बातम्या येत असतील त्या कंपनीचं पुढच्या मे महिन्याचं तिकीट, कितीही स्वस्त असो, घेऊ नका.